बहिणीच्या पोटातलं विरजण

शेणाची मला किळस नाही. गेली बावीस वर्षं समुद्रपूर, हिंगणघाट आणि देवळी तालुक्यांतल्या गावांत मी गोबर गॅसच्या टाक्या बांधतो आणि बंद पडलेल्या चालू करून देतो. त्यामुळे पुढं संडास, जुलाब, शेण हे शब्द वारंवार येतील आणि त्यांना मी नाजूक नावं देणार नाही. जेवत असाल तर आधी जेवून घ्या. पण ज्यांना हा आजार झाला आहे आणि लाजेपायी जे कोणाशी बोलत नाहीत, त्यांनी मात्र सगळं वाचावं. मला असं काही वेळेवर वाचायला मिळालं असतं तर निदान एक मूर्खपणा तरी टळला असता.

दाढ

सुरुवात दाढेपासून झाली. दाढेखाली पू झाला, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला तसा मी गोळ्या थांबवल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा ठणका. या वेळी दवाखान्यात जायचा कंटाळा केला आणि मेडिकलमधून थेट "त्याच्यापेक्षा पावरवाली" आणली. ती संपते न संपते तोच खोकला झाला. आमच्या घरी फ्रिजवर एक डबा असतो, त्यात सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या जमा होतात. त्यातल्या सात मी ओळखीच्या रंगावरून निवडून खाल्ल्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. म्हशीला डॉक्टरानं इंजेक्शनं दिली असली की काही दिवस तिचं शेण मी टाकीत टाकू देत नाही. औषध शेणात उतरतं, टाकीतले जिवाणू मरतात आणि गॅस बंद पडतो. ज्याच्या घरी टाकी बांधतो त्याला हे मी तीन-तीनदा बजावतो. एका गावात तर एकाशी यावरून माझं भांडणही झालं होतं. म्हशीच्या बाबतीत इतका शहाणा असलेला मी फ्रिजवरच्या डब्यात हात घालताना काही म्हणजे काही विचार केला नाही.

निदान

जुलाब सुरू झाले. दोन दिवसांनी रक्त पडायला लागलं. गिरडजवळ आमचं गाव, तिथून हिंगणघाटला जाईपर्यंत जीपमध्ये दोनदा शुद्ध हरपली. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. माझी बायको रेखा सोबत होती. ती मुळात कमी बोलते, त्या दिवशी तर एक शब्द बोलली नाही. नुसती माझी चप्पल हातात धरून बसली होती.

चार दिवस तपासण्या चालल्या. मी मनात कॅन्सर धरून चाललो होतो. रेखाला मी मुलीच्या शिक्षणाबद्दल दोन-तीन सूचनाही देऊन ठेवल्या, आणि तिनं त्या ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या. पाचव्या दिवशी पोटाच्या डॉक्टर आल्या. पस्तिशीच्या असतील, सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणतो.

"कॅन्सर नाहीये, काका," त्या म्हणाल्या. "मोठ्या आतड्यात एका हट्टी जंतूनं ठाण मांडलंय. एरवी त्याला तिथं जागा मिळत नाही. तिथली मूळ वस्ती त्याला उभं राहू देत नाही. तुम्ही किती प्रकारच्या गोळ्या घेतल्या?"

मी सांगितल्या. डब्यातल्या सातसुद्धा.

"म्हणजे तुम्ही वस्ती उठवली आणि त्याला मोकळं रान दिलं."

मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी स्वतःचा इतका राग आला की रेखाकडे बघवेना. ती हळूच म्हणाली, "घरी गेल्यावर पयले तो डबा फेकतो मी." आमच्याकडे बायकाही मी करतो, मी जातो असंच म्हणतात. चार दिवसांतलं तिचं ते पहिलं वाक्य.

वेगळी खोली

मला वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण हा जंतू हाताला लागून पसरतो. आत येणारा प्रत्येक माणूस बाहेर पडताना साबणानं हात धुणार, असा नियम. ते हाताला चोळायचं बाटलीतलं थंडगार औषध चालत नाही, त्यानं हा मरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हे ऐकल्यावर मी प्रत्येकाच्या हातांवर लक्ष ठेवायला लागलो. एकदा मोठ्या डॉक्टरांना मी परत बोलावून हात धुवायला लावले. ते निमूटपणे धुवून गेले.

दिवसाची सुरुवात एका प्रश्नानं व्हायची: "काल किती वेळा?" नर्स कागदावर आकडा लिहायची. अकरा, चौदा, नऊ. नऊ लिहिलं त्या दिवशी रेखानं मला केळं सोलून दिलं, जणू काही मी परीक्षेत पास झालो होतो.

तिथं चादरी बदलायला एक मावशी यायच्या. पहिल्यांदा माझ्या हातून अंथरूण खराब झालं तेव्हा मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, डोळ्यांतून पाणी आलं. मावशींनी चादर ओढली, दुसरी घातली आणि म्हणाल्या, "माहा नातू बी असाच करते. तो तर वरून हासते." पुढं त्या रोज त्या नातवाच्या खोड्या सांगायच्या. डिस्चार्जच्या दिवशी नर्सकडून कळलं, त्यांना नातूच नाही.

पुन्हा, आणि पुन्हा

खास या जंतूसाठीच्या गोळ्या असतात, त्या दिल्या. दहा दिवसांत मी बरा होऊन घरी गेलो. बाराव्या दिवशी सगळं परत सुरू. पुन्हा दवाखाना, पुन्हा गोळ्या, पुन्हा बरा. या खेपेला तीन आठवडे टिकलं.

तिसऱ्यांदा दाखल झालो तेव्हा वजन एकोणसत्तरवरून एक्कावन्नवर आलं होतं. आतडं सुजून फुगलं होतं. सर्जन आले, पोट दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं की औषधांनी आवरलं नाही किंवा पुन्हा उलटलं, तर मोठं आतडं काढावं लागेल. पोटावर भोक ठेवून तिथं पिशवी लावतात. माणूस जगतो, कामधंदा करतो, घाबरू नका, असंही म्हणाले.

मी घाबरलो. माझं काम टाकीत शिडीनं उतरायचं, वाकून तळ लिंपायचा, पोटावर घमेलं टेकवून चढायचं. पिशवी लावून ते कसं करणार? आणि खरं सांगायचं तर कामापेक्षाही, ती पिशवी रोज रेखाला बघावी लागेल या विचारानं मी जास्त हादरलो होतो. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमी शेणात भरून घरी येता ते मी बावीस वर्षं पाह्यतोच हाये न." तरी माझी भीती गेली नाही.

डाळ जशीच्या तशी

भीती वाटली की मी प्रश्न विचारतो, हा माझा जुना स्वभाव. मॅडमना मी विचारलं, "जुलाब जंतूमुळं होतात हे समजलं. पण मधल्या तीन आठवड्यांत जंतू शांत असतानाही तुरीची डाळ, भाकरी, अंबाडीची भाजी, जे खाल्लं ते जसंच्या तसं बाहेर येत होतं. पोट फुगून ढमढम. मात्र साधा भात पचत होता. हे काऊन?"

त्या निघाल्या होत्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. भाताचा पांढरा भाग, साखर, बटाटा हे माणसाचं शरीर स्वतः फोडू शकतं, कारण त्यासाठी लागणारी एन्झाइम लाळेत आणि आतड्यात तयार होतात. शाळेच्या पुस्तकात त्यांनाच विकर म्हणतात. पण ज्वारीचा कोंडा, डाळीचं साल, हरभऱ्यातली गॅस करणारी साखर, पालेभाजीतले धागे, हेही साखरेच्या लांब साखळ्यांचेच बनलेले असतात, फक्त त्यांच्या गाठी वेगळ्या असतात. त्या गाठी सोडवणारं विकर माणसाकडे नाहीच. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे असतं. एका जातीला एक गाठ सोडवता येते, दुसरीला दुसरी. एकीनं अर्धवट सोडलेलं दुसरी पुढं फोडते. शेवटी त्यातून एक आंबट द्रव्य निघतं आणि आतड्याचं आतलं अस्तर त्याच्यावरच पोसलं जातं.

"म्हणजे माझ्या ताटातलं सगळं मी खातच नाही?"

"थोडं तुम्ही खाता. उरलेलं ते खातात आणि त्यातलं तुम्हाला परत देतात. तुमचे खाणारेच गेलेत, काका."

म्हैस स्वतः कडबा पचवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू पचवतात, हे वाक्य मी इतक्या अंगणांत म्हटलं होतं की ते आता तोंडातून आपोआप येतं. माणसाच्या पोटातही तसेच कामकरी असतात, हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. आजारपणात मला आनंद फार थोड्या वेळा झाला. त्यातली ही एक वेळ, आणि त्याचं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम जरा अवघडलेल्या दिसल्या. "एक उपचार आहे," त्या म्हणाल्या. "ऐकायला विचित्र वाटेल. रागावू नका. एखाद्या निरोगी माणसाची..."

"चालू टाकीतली स्लरी बंद टाकीत टाकायची," मी म्हणालो.

त्या बघतच राहिल्या. मग मी त्यांना समजावलं. नवी टाकी शेणकाल्यानं भरली की आम्ही शेजारच्या गावातल्या चालू टाकीतून चार-सहा बादल्या स्लरी, म्हणजे मुरलेला शेणकाला, आणून आत ओततो. दह्याला विरजण लावावं तसं. तिथले जिवाणू इथं वस्ती करतात, टाकी लवकर धरते, म्हणजे गॅस द्यायला लागते. मॅडम मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, हे समजावायला त्यांना एकेका पेशंटमागे दोन दिवस लागतात.

विरजण कुणाचं

देणारा माणूस धडधाकट हवा, आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं जंतुनाशक गोळ्या घेतलेल्या नकोत. रेखाला दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या जळजळीसाठी त्या दिल्या होत्या. मुलगी नागपूरला शिकते. तिचे मुरूम जावेत म्हणून ती चार महिने रोज तसलीच गोळी घेत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. आईचं वय त्र्याहत्तर. उरली माझी धाकटी बहीण वंदना. नाचणगावला दिली आहे. ती आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, भाजीपाला पिकवतात, पुलगावच्या बाजारात ती स्वतः दुकान लावते.

आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून बसली. "बहिणीच्या घरचं घेत नसते भाऊ," ती म्हणाली. "भावानं द्याचं असते. तुह्या बापानं तिच्या घरचं पानी नाई पेलं मरेपर्यंत. अन् तू मांगून राह्यला तं काय मांगून राह्यला."

खरं सांगतो, अडचण आईपुरती नव्हती. दर भाऊबीजेला साडी, आंब्यांची पेटी, तिच्या घरची टाकी फुकट बांधून दिलेली, या सगळ्याचा मला आतून एक तोरा होता. मी देणारा. तिला फोन लावून "तुझा संडास दे" म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी लावला. ती बाजारात बसली होती, मागं भाव सांगणाऱ्यांचा गलका. मी आतड्यापासून सुरुवात केली, पिशवीवर आलो, जिवाणूंवर आलो आणि मग अडखळत मूळ गोष्टीवर.

तिनं एका गिऱ्हाइकाला भाव सांगितला. मग विचारलं, "किती लागते?"

"थोडीशी."

"बरं. अन् मले कधी येनं हाये तेवढं सांगजो. गुरुवारी नाई जमत, बाजार राह्यते."

विकून उरते ते

ती जावयांसोबत आली. तिचं रक्त घेतलं, बाकीच्या तपासण्या झाल्या. मॅडमकडे एक लांबलचक यादी होती, ती त्यांनी माझ्यासमोरच भरायला घेतली.

"रोजच्या जेवणात काय असतं?"

"विकून उरते ते," वंदना म्हणाली.

"म्हणजे?"

"वाकडे वांगे, जून चवळीच्या शेंगा, अंबाडी, पालक, मुळ्याचा पाला. गिऱ्हाईक काय वाकडं वांगं घेत नाई. ज्वारीची भाकर. तुरीचं वरन. कांदा."

"बाहेरचं, पाकिटातलं?"

"बाजारात चहा पेतो."

"गेल्या वर्षभरात कुठली गोळी, औषध?"

"नाई."

"तापबीप काही आलाच नाही?"

"आला न. दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस होता. उतरला आपल्या मनानं."

"डॉक्टरकडे का गेला नाहीत?"

वंदना हसली. "कोन नेऊन राह्यलं मले दवाखान्यात? भाजी तोडाची होती."

जावई खिडकीबाहेर बघायला लागले. मीही. आठ दिवसांचा ताप आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या भाऊबीजेला ती आली होती, मी साडी दिली होती, ती जरा उतरलेली दिसत होती आणि मी चेहऱ्याच्या रंगावरून तिची चेष्टा केली होती. मॅडमनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, असा डोनर क्वचित मिळतो. मला त्या कौतुकाचा आनंदही झाला आणि लाजही वाटली.

पंधरा दिवसांनी सगळे रिपोर्ट चांगले आले. आदल्या रात्री औषध पाजून माझं आतडं पार धुऊन रिकामं केलं. ठरलेल्या सकाळी वंदना पहिल्या एसटीनं आली. तिनं दवाखान्यात जे द्यायचं ते दिलं, तिथल्या लोकांनी ते गाळून, मिठाच्या पाण्यात कालवून तयार केलं, आणि खालून नळी घालून माझ्या आतड्यात सोडलं. मला पडद्यावर बघायचं होतं. गुंगीच्या औषधातही मी डोळे ताणून बघत होतो. लालभडक, सुजलेला, चाळणीसारखा बोगदा. नंतर चार तास कुशीवर पडून ते आत धरून ठेवायचं. वंदना बाहेर बाकावर बसून भाकरी खात होती. आईनं त्या दिवशी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन माझ्यासाठी काय मागितलं, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

माझा मूर्खपणा

जुलाब दुसऱ्याच दिवशी कमी झाले. तिसऱ्या दिवशी एकदाच. मला घरी सोडलं. मॅडमनी कागद लिहून दिला: आधी मऊ खिचडी, मग दुधी, मग ज्वारीच्या कण्या, थोडं थोडं करून वाढवत सगळ्या डाळी-भाज्या.

तो कागद मी नीट घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या मनानं वागलो. कारण मला वाटलं, हे काम डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं. नव्या टाकीत विरजण ओतलं की आम्ही ती पंधरा-वीस दिवस तशीच ठेवतो. नवीन शेण टाकायचं नाही. जिवाणूंना जम बसवू द्यायचा. घाईनं टाकलं की टाकी आंबते, आणि आंबलेली टाकी वळणावर आणणं फार जिकिरीचं. ही घाई केलेल्या लोकांना मी शिव्या दिल्या आहेत. तेव्हा माझ्या पोटातही पंधरा दिवस काही जड जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. साबुदाण्याची पेज, ग्लुकोजचं पाणी, पातळ पांढरा भात, चहात बुडवलेली बिस्किटं. रेखानं दोनदा कागदाची आठवण केली. मी तिला टाकीचं शास्त्र सांगितलं. आईनं तर पेजेचं स्वागतच केलं, तिच्या मते आजाऱ्यानं पांढरं आणि पातळच खावं.

आणि आणखी एक, ते कबूल करायला हवं. मला अन्नाची भीती बसली होती. ताटात भाकरी दिसली की पोटात मुरडा यायचा, तो खरा की भीतीचा ते कळायचं नाही. टाकीच्या शास्त्राआड ती भीती लपवणं सोपं होतं.

आठव्या दिवशी पातळ झाली. नवव्या दिवशी चार वेळा. मी संडासात भिंतीला धरून बसलो आणि सर्जनचे शब्द आठवत राहिलो. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं वाटत होतं.

त्याच दुपारी वंदना आली. पिशवीत दुधी, वांगी, पालक. मी साबुदाण्याची पेज पीत होतो. तिनं वाटीत डोकावून पाहिलं.

"हे काय पेऊन राह्यला?"

मी समजावलं. विरजण, जम बसणं, पंधरा दिवस, आंबलेली टाकी. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या घरची टाकी मीच बांधलेली, तिला त्यातलं बरंच कळतं.

"भाऊ, टाकीत पयले काठोकाठ शेन भरलं राह्यते न," ती म्हणाली. "मंग विरजन टाकतेत. त्याहिले खाले पंधरा दिवसाचं असते तठी. तुह्या पोटात काय भरलं हाये? तुले तं दवाखान्यात पार धुऊन रिकामं करून ठेवलं होतं."

मी वाटी खाली ठेवली.

"अन् हे पेज, बिस्किट त्याहिच्यापर्यंत पोचते तरी का? तो भात तूच वरच्या वर खाऊन टाकते, असं म्याडमनं सांगतलं म्हून तूच बोल्ला होता न मले फोनवर. मंग खाली काय जाते?" तिचा आवाज चढला. "मी माह्या आंगातलं देल्लं तुले. अन् तू त्याहिले नऊ दिवसापासून उपाशी मारून राह्यला. वरून शास्त्र सांगते मले."

बावीस वर्षांच्या कामाचा गर्व एका मिनिटात उतरला. तिचं बोलणं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी किती वेळा झाली ते विचारलं, मग काय खाल्लं ते विचारलं, आणि ते ऐकल्यावर खिशातला कागद मला मोठ्यानं वाचायला लावला. म्हणाल्या, ताप नाही, रक्त नाही, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. उद्या नमुना पाठवा. आणि आजपासून जेवा.

कण्या

वंदनानं ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या. सोबत दुधी घातलेलं तुरीचं वरण. माझ्यासमोर वाटी ठेवून ती आणि रेखा दोघी बसल्या. मी चमचा उचलला आणि खाली ठेवला. वंदनानं मला लहान मुलासारखं भरवलं वगैरे काही नाही. ती म्हणाली, "खाय. मले साडेचारची गाडी हाये."

मी खाल्लं. पहिला चमचा गिळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. आंबूस, कोमट, जिभेवर जरा खरखरीत. महिन्याभरानं तोंडात काहीतरी चावण्यासारखं होतं. अर्धी वाटी संपली.

संध्याकाळी पोट गुरगुरायला लागलं. मी कॉटवर ताठ पडून वाट बघत होतो, आता धावावं लागणार. धावावं लागलं नाही. मोठा, लांबलचक वारा सरला. शेजारच्या खोलीतून आईनं विचारलं, "काय पडलं रे?"

गॅस आला की टाकी धरली, हे मला सांगायला डॉक्टर लागत नाही. रेखाला मी हाक मारून सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, पण तिचे डोळे भरले होते.

नमुन्यात तो जंतू सापडला नाही. पुढं रोज एक-एक चमचा वाढवला. कुठल्या दिवशी कशानं किती पोट फुगलं ते मी लिहून ठेवत होतो. चवळी लवकर मानवली, हरभऱ्यानं महिनाभर छळलं. मॅडम म्हणाल्या, ती गाठ सोडवणारे अजून थोडे असतील, थोडं थोडं देत राहा, वाढतील. मला ते वेळापत्रक बघायची गोडीच लागली. आज कोणाला जेवायला घालायचं, असा विचार करत मी ताटावर बसायला लागलो. ज्यांना हा उपचार सांगितला आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: लाजू नका, घरच्या घरी कोणाच्या सांगण्यावरून काही करू नका, आणि डॉक्टरांनी दिलेला कागद खिशात ठेवण्यासाठी नसतो.

तपासणी

दोन महिने पुरे झाल्यावर वर्ध्याला गेलो. आईनं हट्टानं सोबत येऊन वंदनालाही तिकडं बोलावून घेतलं. मॅडमनी पुन्हा आतून पाहिलं. या वेळी पडद्यावर गुलाबी, ओलसर, गुळगुळीत भिंत होती. सर्जनही येऊन बघून गेले आणि म्हणाले की आता त्यांची गरज नाही. वजन अठ्ठावन्न झालं होतं. बाहेर येऊन मी वंदनाला सांगितलं, आतडं राहिलं. ती नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. मीही रडलो, भर व्हरांड्यात.

आईनं मात्र मॅडमना गाठलं. तिच्या मनातलं अजून गेलं नव्हतं. बहिणीचं घेतलं, आता ते याच्या पोटात किती दिवस राहणार, तिला परत कसं द्यायचं, असं काहीबाही विचारत होती.

"आजी, ते आता यांचंच," मॅडम म्हणाल्या. "आणि तसं बघितलं तर तिचं तरी कुठून आलं? बाळ जन्मताना यातले पुष्कळसे जिवाणू आईकडूनच येतात. पुढं खाण्यापिण्यातून, घरातून भर पडते. पण सुरुवात तुमच्याकडची. तुम्ही दोघांनाही दिले होते. यांनी गोळ्या खाऊन घालवले, ताईंकडे राहिले."

आईनं मॅडमकडे पाहिलं. मग वंदनाकडे, मग माझ्याकडे.

"म्हंजे माह्यंच होतं ते?"

"बरंचसं."

आईनं माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं.

"देल्लं होतं तुले," ती म्हणाली. "मंग सांभाळून काऊन नाई ठेवलं?"